भुंगा आणि कच्चा टाका

भुंगा दुकानात आला तो एका सोफ्याच्या मागोमाग. सोफा फाडला होता भुंग्याने आणि दुरुस्त केला होता धाकटीने. तो न्यायला आलेल्या बाई जाताजाता दारात घुटमळल्या आणि चेहरा पाडून विचारू लागल्या, की कुत्रा सांभाळणारं कोणी ओळखीत आहे का. त्यांची बदली झाली होती आणि नव्या जागेत कुत्रा चालणार नव्हता. खरं तर जुन्या जागेतही तो फारसा चालत नसावा, हे सोफ्याची पहिली अवस्था पाहिलेल्या कोणीही सांगितलं असतं.

धाकटीने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, राहू दे इथे. का म्हणाली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. सोफा उसवताना तिने एक गोष्ट पाहिली होती. कुत्र्याने कापड ओरबाडलं नव्हतं. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, शिवणीशिवणीने जात, त्याने तो सोफा व्यवस्थित उघडला होता. तीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला त्याचं कौतुक वाटलं तर नवल नाही.

धाकटी म्हणजे पन्नाशी ओलांडलेली बाई. वडील तिला धाकटी म्हणायचे, मग थोरला भाऊ म्हणू लागला आणि मग सगळी गल्ली. सोफे, खुर्च्या, गाद्या दुरुस्त करायचं दुकान वडिलांचं. आता पुढच्या बाजूला दादा बसायचा, मागे शिलाई मशीनवर धाकटी. दादा आणि वहिनी पलीकडच्या गल्लीत राहायचे, धाकटी दुकानावरच्या दोन खोल्यांत, एकटी. तिने लग्न का केलं नाही, हे विचारणारे केव्हाच थकून गेले होते.

कुत्रा काळापांढरा, मध्यम चणीचा, एक कान उभा आणि एक झोपलेला. पहिल्याच आठवड्यात त्याने बिस्किटांचा डबा उघडला, वहिनीची पर्स उघडली आणि मोरीतला नळ उघडला. दादाच्या चपलांचे पट्टे काढून त्याने ते शेजारीशेजारी मांडून ठेवले. पर्स पाहून वहिनी म्हणाली, "वन्सं, हा कुत्रा नाही, डोक्याला भुंगा आहे नुसता." नाव तिथेच पडलं.

दादाने एकदा, दोनदा खपवून घेतलं आणि तिसऱ्यांदा आवाज चढवला. म्हणून धाकटी भुंग्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर मितभाषी. त्यांनी दात पाहिले, पोट दाबलं, मग मुठीत काहीतरी धरून दोन्ही मुठी त्याच्यापुढे केल्या. भुंग्याने डाव्या मुठीचा वास घेतला, उजवीचा घेतला आणि सरळ डॉक्टरांच्या खिशात नाक घातलं. खाऊ खिशातच होता.

"याला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "बेकार आहे हा. मेंढरं वळणाऱ्यांची जात याची. दिवसभर डोकं चालवायची सवय रक्तात, आणि तुम्ही त्याला आयतं जेवण देऊन दारात बसवलंय."

रोज मैलभर फिरवून आणते की, असं धाकटी म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली. फिरवल्याने पाय दमतात, म्हणाले, डोकं नाही दमत. जेवण वाडग्यात घालू नका, शोधायला लावा. सोडवायला काहीतरी द्या. रोज नवं.

रिकामं मन सैतानाचं घर, हे धाकटीने लहानपणापासून ऐकलं होतं; फक्त ते चार पायांच्या जीवालाही लागू असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. घरी येऊन तिने दुकानाच्या कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात काहीतरी सुरू झालं.

पहिल्या दिवशी तिने जुन्या गालिच्याच्या तुकड्यात पावाचे तुकडे ठेवून त्याची गुंडाळी केली. भुंग्याने नाकाने ढकलून ती उलगडली. दुसऱ्या दिवशी गुंडाळीला गाठ मारली. त्याने गाठ दातांत धरून सैल केली. मग खिशात खिसा, त्या खिशात आणखी एक खिसा. मग बॅगेच्या पट्ट्याचं बक्कल. बक्कलाने त्याला अर्धी दुपार झुंजवलं. तो मध्येच थांबायचा, लांब जाऊन बसायचा, डोकं तिरकं करून बघायचा आणि पुन्हा यायचा. धाकटीने हातातलं काम ठेवून दिलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. हा विचार करतोय, तिच्या मनात आलं. अगदी समोर, उघड्यावर बसून विचार करतोय.

मग तिला पिशव्या सुचल्या. जाड कापडाची पिशवी शिवायची, आत खाऊ घालायचा आणि तोंड कच्च्या टाक्याने बंद करायचं. कच्चा टाका म्हणजे लांब, सैल, तात्पुरता टाका. पक्की शिलाई झाली की शिंपी तो ओढून टाकतो. भुंग्याने पिशवी हुंगली, शिवणीवरून नाक फिरवलं, पुढच्या दोन दातांत एक टाका अलगद पकडला आणि मान मागे घेतली. सगळा दोरा सुर्रकन निघाला आणि पिशवीने तोंड उघडलं. धाकटी एकटीच मोठ्याने हसली. त्यानंतर पिशव्या रोजच्याच झाल्या. काही पक्क्या शिवलेल्या, रिकाम्या. काही कच्च्या टाक्याच्या, आत खाऊ. कुठली सोडायची आणि कुठली उघडायची, हे भुंगा दोनचार दिवसांत शिकला.

दुकानातल्या चपला आता जागच्या जागी राहू लागल्या. दुपारभर काम केलेल्या माणसासारखा भुंगा समाधानाने झोपायचा. आणि खरं सांगायचं तर डोकं फक्त त्याचं चालू लागलं होतं असं नाही. इतकी वर्षं धाकटी तीच खोळ तशीच शिवत आली होती. आता हातात चिंधी आली की ती उलटीसुलटी करून बघायची, की याचं काय करता येईल. सकाळी उठताना मनात पहिला प्रश्न हा असायचा, की आज त्याला कसं अडवायचं.

करायला गेले एक आणि झाले भलतेच, म्हणतात ते असं. एका दवाखान्याच्या बैठकीच्या उशा तयार होऊन फळीवर ठेवलेल्या होत्या. दादा सकाळी आला तर त्यातली एक जमिनीवर पडलेली, फोम बाहेर, आणि शेजारी भुंगा शेपूट हलवत बसलेला. दादा लालबुंद झाला. धाकटीने माफी मागितली, उशी पुन्हा शिवून दिली, भुंग्याला दटावलं. पुढच्या आठवड्यात एका खुर्चीची गादी उघडली गेली. मग एका आरामखुर्चीची डोकं टेकायची उशी. आणि तिन्ही वेळा काम दादाच्या हातचं होतं. त्याच फळीवर धाकटीने शिवलेल्या उशाही होत्या. त्यांच्याकडे कुत्र्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"आणखी शिकव त्याला फाडाफाडी," दादा म्हणाला. "मी बोललोय गोदामवाल्यांशी. त्यांना फाटकावर कुत्रा हवाय. पुढच्या शनिवारी येऊन घेऊन जातील."

गोदामवाले मालक दुकानाचे जुने गिऱ्हाईक, माणूस वाईट नव्हता. धाकटी त्यांचं फाटक बघायला गेली. फाटकाशेजारी लोखंडी खांब होता, खांबाला साखळी. आधीचा कुत्रा म्हातारा होऊन गेला होता. साखळी पोचेल तिथवर खांबाभोवती जमिनीत एक गोल वाट पडली होती, गवत नाही, काही नाही. वर्षानुवर्षं एक जीव तेवढंच चालला होता. धाकटीने तिथे थोडा वेळ उभं राहून ती वाट पाहिली.

रडून भुंगा राहणार नव्हता. तो दादाच्याच गाद्या का उघडतो, हे शोधून काढलं तरच राहणार होता. ते सापडलं की थांबवता येईल. धाकटी कामाला लागली.

वहिनीचं म्हणणं सरळ होतं: कुत्र्याला डूख धरता येतो आणि दादाने त्याला एकदा जोडा फेकून मारला होता. पण भुंगा तर दादा आला की दारापर्यंत उड्या मारत जायचा. डूख धरणारा असं कशाला करील? मग धाकटीला वासाची शंका आली. हल्ली दादाच्या कामाला मलमाचा वास येई. कंबर धरते म्हणून लावतो, असं तो सांगायचा. तिने त्याची मलमाची डबी हळूच घेतली आणि स्वतःच्या एका उशीला बोटभर मलम चोळलं. भुंग्याने हुंगलं, तीन शिंका दिल्या आणि तो लांब जाऊन बसला. मग फोम. पण फोम दोघांचा एकाच गठ्ठ्यातला. कापड, दोरा, सगळं एकच. तिने उशांच्या जागा बदलून पाहिल्या, दादाची खाली आणि आपली वर. भुंग्याने वळसा घालून बरोबर दादाचीच शोधली. शनिवार जवळ येत चालला आणि तिच्या हाती काही लागेना.

शेवटी तिने विचार करणं सोडलं आणि नुसतं बघायचं ठरवलं. दुपारी दादा जेवायला आणि जरा पडायला घरी जायचा. तिने फळीवरच्या सगळ्या उशा जमिनीवर ओळीने मांडल्या आणि ती पडद्याआड उभी राहिली.

भुंगा आला. पहिली उशी तिची होती. त्याने शिवणीच्या एका टोकाला नाक लावलं आणि हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मध्येच थांबून पुढच्या दोन दातांनी एक टाका उचलून पाहिला. टाका हलला नाही. त्याने तो सोडला आणि पुढच्या उशीकडे गेला. तीही तिची. तिथेही तेच: नाक, दात, हलकासा हिसका, पुढे. तिसरी दादाची. नाक मध्यावर आलं तेव्हा त्याने टाका उचलला, मान मागे घेतली आणि दोरा वीतभर सरकला. भुंग्याचा झोपलेला कानही उभा राहिला.

"सोड," धाकटी पडद्याआडून म्हणाली. त्याने लगेच सोडलं आणि तो तिच्याकडे बघू लागला, बक्षीस कुठे आहे अशा नजरेने.

आता ती दादाची उशी हातात घेऊन उभी होती आणि पुढे काय करायचं ते तिला कळत होतं, पण हात होईना. त्याला कारण होतं. गादीत फोम भरून झाला की शेवटची फट हाताने, वाकड्या सुईने, अशी शिवायची की दोरा बाहेरून दिसता कामा नये. दुकानात तिला मिटणी म्हणत. मिटणीत कसब सुईचं नाही, ओढीचं. प्रत्येक टाका चिमटीत धरून सारख्या जोराने ओढावा लागतो. आणि वडिलांनी रीत घालून दिली होती, की मिटणी झाली की थोरल्याने धाकट्याच्या शिवणीवर अंगठा दाबत न्यायचा. अंगठा आत गेला तर उसवून पुन्हा. वडील दादाची तपासायचे, दादा धाकटीची. धाकट्याने थोरल्याची कधी तपासायची नाही. वडील गेल्यावर दादाच्या मिटणीवर कोणाचाच अंगठा फिरला नव्हता.

धाकटीने दाराकडे पाहिलं, जसं काही ती चोरीच करत होती, आणि अंगठा शिवणीवर ठेवला. तो आत गेला, सहज. पुढे सरकवला, पुन्हा आत गेला. बाहेरून शिवण सुंदर दिसत होती, टाके सारखे, रेषा सरळ. आत ओढच नव्हती. आणि तेव्हा तिला सगळं एकदम दिसलं. तिनेच भुंग्याला शिकवलं होतं: घट्ट असेल ते सोड, सैल असेल ते तुझं. दादाची मिटणी त्याच्या लेखी कच्चा टाका होती.

मग मागचं वर्ष तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागलं. दादाच्या हातून दोनदा कात्री पडली होती. सुई ओव, उजेड कमी आहे, असं तो भर दुपारी म्हणायचा. एक गिऱ्हाईक गादी उसवली म्हणून परत आलं, तेव्हा त्याने कापडाला दोष दिला होता. आणि ते मलम. कंबरेला लावलेल्या मलमाचा वास उशीला कसा येईल? मलम बोटांना होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तिची गत झाली होती. कुत्र्याच्या नाकाची चौकशी करत ती सगळीकडे फिरली, आणि रोज त्याच दुकानात बसणाऱ्या भावाचे हात तिने पाहिले नव्हते. तिला स्वतःची लाज वाटली.

पण नुसती लाज वाटून काय होणार? बोललं तर भुंगा वाचतो. पण दादा? सगळ्या गल्लीत त्याच्या मिटणीचं नाव होतं; तो तेवढ्यावर जगत होता. न बोललं तर दादाची झाकली मूठ तशीच राहते आणि भुंगा खांबाभोवती वाट पाडायला जातो. इकडे आड, तिकडे विहीर.

धाकटीने तिसरी वाट काढली. दादा जेवायला गेला की ती त्याच्या तयार उशा घ्यायची, त्याचा दोरा अलगद काढायची आणि तिथेच, त्याच्या टाक्यांच्या खुणांवरून, आपल्या हाताने पुन्हा मिटायची. त्याच्यासारखा लहान टाका, त्याच्यासारखी तिरपी गाठ. तिला त्यानेच शिकवलं होतं, त्यामुळे फार अवघड गेलं नाही. भुंगा शेजारी बसून बघायचा. त्याच्या पिशव्या चालूच होत्या. उशांवरून तो नाक फिरवायचा, दात लावायचा आणि निघून जायचा.

दुकानात एकही उशी फाटली नाही. वहिनी म्हणाली, सुधारला हो वन्सं तुमचा लेक. दादा मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. सकाळी आल्याआल्या फळीपाशी जाऊन उभा राहायचा, उशांकडे बघायचा, मग भुंग्याकडे बघायचा. धाकटीला वाटलं होतं त्याला हायसं वाटेल. तसं काही दिसेना, आणि का, ते तिला कळेना.

शुक्रवारी दुपारी तिने एक उशी हातात घेतली आणि ती खालीच बसली. ही मिटणी नव्हतीच. बोटबोटभर लांब टाके, लोंबणारे, वेडेवाकडे; लहान पोरानेही याहून बरं शिवलं असतं. आठवड्याभरात इतके का गेले दादाचे हात? तिने ती उशी छातीशी धरली आणि भुंग्यादेखत रडली. मग डोळे पुसले आणि सगळ्यात चांगली, सगळ्यात घट्ट मिटणी तिने त्या उशीला घातली.

शनिवारी सकाळी दादा लवकर आला. फळीवरून त्याने नेमकी तीच उशी काढली आणि तो तिच्या मशीनपाशी आला.

"भुंग्याने ही सोडली," तो म्हणाला.

"सुधारलाय तो," धाकटी म्हणाली. हातातलं कापड तिने उगाच सरळ केलं.

"काल मी हिला मुद्दाम कच्चा टाका घातला होता. तू तुझ्या पिशव्यांना घालतेस ना, तसा. म्हटलं बघू या." त्याने उशी टेबलावर ठेवली. "हा कुत्रा कच्चा टाका सोडेल?"

धाकटीने हातातलं कापड खाली ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मला माहीत होतं गं," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तिला जास्त भीती वाटली. "बोटं बधिर झालीत. दोरा धरलाय की नाही, ते बघितल्याशिवाय कळत नाही. तुला दिसलं नाही, तुझ्या वहिनीला दिसलं नाही, गिऱ्हाइकांना दिसलं नाही. बाबांच्या मागे माझं काम तपासणारा इथे एकच निघाला. म्हणून तो मला इथे नको होता."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणावर रागवायचं? धाकटी म्हणाली, आधी सांगितलं असतंस तर. दादा म्हणाला, तुला कळलं तेव्हा तू तरी कुठे सांगितलंस. भुंगा एकदा याच्या, एकदा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मालक आज येणार आहेत, एवढं म्हणून दादा आपल्या जागेवर जाऊन बसला आणि एका खुर्चीच्या पट्ट्या ठोकू लागला. हातोडीची मूठ जाड होती. ती त्याला धरता येत होती.

गोदामवाले मालक आले ते हातात नवा पट्टा घेऊनच. त्यांच्या मागोमाग वहिनी दादाचा विसरलेला चष्मा घेऊन आली. मालकांनी भुंग्याचं कौतुक केलं, हुशार दिसतो म्हणाले, आणि पट्टा पुढे केला. धाकटीने भुंग्याची मान धरली होती. ती सोडायला हवी होती आणि सुटत नव्हती.

"कुत्रा द्यायचा नाही," दादा म्हणाला.

मालक बुचकळ्यात पडले. "अहो, तुम्हीच तर म्हणालात की त्रास देतो."

"देतो. पण तो इथे कामाला आहे."

"काय काम करतो?"

दादाने हातोडी खाली ठेवली. "माझी मिटणी तपासतो," तो म्हणाला. "माझ्या बोटांत आता ओढ राहिली नाही. काही टाके लागतात, काही नाही लागत. कुठले लागले, ते मला समजत नाही. त्याला समजतं."

मालकांना ती थट्टा वाटली आणि ते हसले. मग कोणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. गोदामावर कोणीतरी वाट बघत असल्याचं त्यांना आठवलं आणि ते पट्टा घेऊन निघून गेले. वहिनी दारातच उभी होती, चष्मा हातात तसाच.

"शर्टाची बटणं महिनाभर मी लावतेय," ती म्हणाली. "मला वाटलं, उतारवयात लाड चाललेत तुमचे."

दादा ओशाळा हसला. सोमवारी डॉक्टरकडे जायचं, हे वहिनीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. धाकटी म्हणाली, मी पण येते. जा सगळे मिळून, दादा म्हणाला, फक्त याच्या डॉक्टरकडे नेऊ नका म्हणजे झालं. वहिनीला हसू आलं आणि रडूही, आणि चहा टाकते म्हणून ती आत गेली.

दादाने गुडघ्यांवर हात देत जमिनीवर बैठक मारली. सकाळपासून त्याने दोन उशा मिटल्या होत्या. त्यातली एक त्याने भुंग्यापुढे ठेवली. भुंग्याने टोकापासून सुरुवात केली. नाक हळूहळू पुढे सरकलं, दातांनी एक टाका उचलला, मग पुढचा, मग त्यापुढचा. शेवटपर्यंत जाऊन तो पुन्हा मध्यावर आला, एक हिसका दिला आणि उशी सोडून दिली. दादाने रोखून धरलेला श्वास सोडला. धाकटीने पिशवीतला पावाचा तुकडा भावाच्या हातात दिला आणि भावाने तो भुंग्याला दिला.

मग त्याने दुसरी उशी ठेवली. भुंग्याचं नाक अर्ध्यावर थांबलं. त्याने टाका उचलला, मान मागे घेतली आणि दोरा सरकत बाहेर आला. सोड, असं कोणी म्हणायच्या आधीच तो थांबला आणि दादाच्या तोंडाकडे बघू लागला. दादाने वाकून तो लोंबणारा दोरा नीट पाहिला.

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला आणि त्याने ती उशी धाकटीकडे सरकवली.